दुसरा घण

१९४७च्या मार्चमध्ये फेस्टस काका न्यूमोनियाने गेला. आयर्लंडमधल्या गॉलवेजवळच्या आमच्या लोहारभट्टीत बाबा लहान हातोड्याने जागा दाखवत आणि काका तिथे घण घाली. त्या जोडठोक्यांवर मी लहानपणी झोपत असे.

"एका हाताने टाळी वाजत नाही, कोलमन. विकून टाक भट्टी," आई म्हणाली.

"मग घोड्यांना बूट काय तू शिवणार, सबीना?" म्हणत बाबांनी तापलेली पट्टी ऐरणीवर धरली आणि हातोडा मारला.

लगेच घणाचा ठोका पडला. पट्टी दबली. भट्टीत आम्ही तिघंच होतो.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलास होय, आळशा!" म्हणून ते हसले आणि मारत राहिले. नाल झाला. मग त्यांनी थांबण्याची खूण म्हणून हातोडा ऐरणीच्या कडेवर वाजवला. ही खूण काकाने कधीच चुकवली नव्हती.

ठोके थांबले नाहीत.

"पुरे, फेस्टस!" बाबा ओरडले. थंड झालेलं लोखंड कणकेसारखं पसरत होतं.

आईने आम्हाला बाहेर ओढलं आणि कुलूप घातलं.

बाबा पुढे रस्त्याच्या कामावर राबले. आई नव्वदीपर्यंत जगली. मी अजून इथेच, त्या ठोक्यांच्या आवाजात राहते. ते लोखंड आता किती पातळ झालं असेल, हे बघायला मी कुलूप काढलेलं नाही.