ठमाबाईंचा कडवा वाल

शेंगेतला दाणा रुजेनासा झाल्यापासून वालाची रोपं प्रयोगशाळेच्या बाटल्यांतूनच येत. ठमाबाईंनी आपल्या कडव्या वालाचा शेवटचा जिवंत कोंब तिथल्या मृदुलाच्या हवाली केला होता. स्पिरिटने पुसताना बाटल्यांवरची नावं उडाली, तेव्हा मृदुलाने ती अंदाजाने पुन्हा लिहिली आणि तोंडातून ब्र काढला नाही. मग त्याच नावांवरून नको असलेल्या वाणांच्या बाटल्या कचऱ्यात गेल्या.

आज ठमाबाई तिथून मिळालेल्या रोपांच्या पहिल्या पिकातल्या ओल्या दाण्यांचं बिरडं डब्यात घेऊन आल्या.

“मला मेलीला गोडच लागतंय. म्हातारपणात जीभही गेली गं. तुला लागतो ना कडवटपणा?”

मृदुलाने घास घेतला. बिरडं गोडच होतं.

“लागतो,” ती मान खाली घालून म्हणाली.

“मग वाचला गं माझा वाल!” म्हणत ठमाबाईंनी अख्खा डबा तिच्यापुढे सरकवला आणि ती संपवेपर्यंत कौतुकाने बघत बसल्या.