सरदारच्या शिरंतले पहारेकरी

बसा भाऊ. सरदारच्या खुर्शीदाची गोष्ट सांगतो, खोटी वाटली तर उठून जा.

सरदारचं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान. मनगटावरची जखम भरंना, म्हनून तो डाक्टरीणबाईकडं गेला. संगं बायको खुर्शीदा, अन दुकानात चिक्की तोलनारी शहिस्ता. ती का आली, हेच खुर्शीदाला खुपत व्हतं.

बाईंनी सुई न टोचता मनगटावर कॅमेरा धरला. टीव्हीवर शिरंतलं जितं रगत दिसाया लागलं. पांढऱ्या पेशी शिरंच्या भिंतीला घासत, लोळत चालल्या व्हत्या.

"हे पहारेकरी," बाई म्हनल्या. "परकं काही शिरलं की जागीच थांबतात."

हात हलू नये म्हनून शहिस्तानं सरदारचा पंजा धरला. पेशी आपल्या लोळत राहिल्या.

खुर्शीदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "सरक बाजूला," म्हनत तिनं तोच पंजा धरला.

साऱ्या पेशी थांबल्या. सोडला, चालल्या. धरला, पुन्ना थांबल्या.

"अवो, मी परकी व्हय?"

सरदार हसला. "मशीनला काय कळतंय, येडे."

"मशीन कुटं बोलतंय? तुमचं रगत बोलतंय."

तिनं शहिस्ताला भाईर घालवलं अन सोताचं मनगट कॅमेऱ्याखाली ठिवलं. तितं पेशी मजेत लोळत व्हत्या. मग तिनं आपलाच दुसरा हात त्या हातावर ठिवला.

पेशी थांबल्या.

भाऊ, ती बगा, खुर्शीदाच चहा घिऊन आली. कप तिला खाली ठिवू द्या, मग उचला. तिच्या हातातनं तेवढा घिऊ नका.