मास्टर आर्म

सदानंदरावांनी रडारवर शत्रूचं विमान पक्कं धरलं, अंतर पाहिलं आणि जॉयस्टिकचं बटण दाबलं. क्षेपणास्त्र सुटलंच नाही. शत्रूने वळून त्यांच्या जोडीदाराचं विमान पाडलं.

“काका, घालवलंत मला,” हेडफोनमध्ये नागपूरहून केतकी हसली. “मास्टर आर्म चालूच केला नाहीत. हवाई दलात वीस वर्षं खरी क्षेपणास्त्रं चढवलीत ना तुम्ही?”

“ते काम हिचं होतं,” ते म्हणाले.

कॉम्प्युटरवरच्या या लढायांत शस्त्रांच्या त्या मुख्य स्विचला त्यांनी कधी हातच लावला नव्हता. कुमुद शेजारी मेथी निवडत बसायची, मध्येच हात लांबवून तो चालू करायची आणि म्हणायची, “अहो, सोडा आता, किती बघत बसाल.” निवृत्तीनंतरची सहा वर्षं अशी मजेत गेली. कुमुद गेल्यानंतर आज ते पहिल्यांदाच उडत होते.

केतकीचं हसू थांबलं. “पुढच्या वेळी मी आठवण करीन, काका. दोन-तीनदा सांगितलं की हात आपोआप जाईल.”



“नको गं,” ते म्हणाले. “इतक्यात सवय व्हायला नको.”