शुक्रवारची परात

"ही उचल," म्हणत म्हाताऱ्या लल्ला बतूलनं समोरची ताटली वाढप्याकडे ढकलली. "ही पण. आणि त्याच्यासमोरची ती पण. आज शुक्रवार आहे, सगळ्यांनी एका भांड्यातून कुसकुस खायचा दिवस. एक मोठी परात आण आणि मध्ये ठेव."

वाढपी लार्बी अदबीनं वाकला. "हाज्जा, इथं कुसकुस ज्याचं त्याला वेगळं वाढतात. पाहुण्यांना तसंच आवडतं."

"तुमच्या पाहुण्यांचं मला सांगू नकोस. मी यांची आई आहे."

'यांची' म्हणजे टेबलाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसलेल्या दोन घोड्यांची. थोरला जवाद फ्रान्समधल्या ल्योंहून आलेला, धाकटा रदवान साफीच्या बंदरावर मासळी विकणारा. बाप गेल्यावर रदवाननं त्याची होडी जवादला न विचारता विकली आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. उद्या सकाळी जवादचं विमान होतं. त्याआधी या दोघांना एका भांड्यात जेवायला घालायचं, एवढ्यासाठीच बतूल जवादच्या खर्चानं मराकेशच्या या महागड्या रिसॉर्टमध्ये यायला कबूल झाली होती. आणि इथल्या जेवणांनी तिचा अगदी अंत पाहिला होता.

पहिल्या संध्याकाळी जपानी जेवण. प्रत्येकापुढे एकेक फळी आणि तिच्यावर कच्चा मासा. "याला विस्तव दाखवायचं विसरलेत," असं म्हणून रदवान हाताची घडी घालून बसला तो उठेपर्यंत. दुसऱ्या दिवशी फ्रेंच. बशी टांग्याच्या चाकाएवढी आणि तिच्यात घास अंगठ्याएवढा. न्याहारीला तर ज्यानं त्यानं उठून आपलं आपण वाढून घ्यायचं. जवाद उठला की रदवान येऊन बसायचा, जवाद परतला की रदवानला आणखी कॉफी हवी असायची. बाकी निरोप पोचवायला आई होतीच.

"यम्मा, त्याला म्हणावं, मीठ सरकव."

"यम्मा, त्याला म्हणावं, हात आहेत ना."

हातभर अंतरावरचं मीठ आईच्या हातून फिरून जायचं. बतूल पार वैतागून गेली होती.

"यम्मा, उगाच तमाशा नको," जवाद आता दबक्या आवाजात म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे परदेशी माना वळवून बघत होते.

"तमाशा तुम्ही दोघं करताय. मी फक्त भांडं मागतेय." ती लार्बीकडे वळली. "काय रे बाबा, तुझी आई आज घरी वेगवेगळ्या बशांतून वाढणार आहे का?"

लार्बीनं चोरून एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "आमच्या घरात तेवढ्या बशाच नाहीत, हाज्जा," तो म्हणाला आणि ताटल्या गोळा करून आत गेला.

परात आली. बहुधा आतल्या नोकरमाणसांच्या जेवणाची असावी, काठाचा टवका उडालेला होता. वाफेवर शिजवलेलं रवाळ कुसकुस, मधोमध मटण आणि वर दालचिनीत शिजवलेला गोड कांदा नि मनुका. जागा होईना म्हणून लार्बीनं फुलदाणी उचलून जमिनीवर ठेवली. दोन्ही भावांना खुर्च्या पुढे ओढाव्याच लागल्या.

बिस्मिल्ला म्हणून तिघांनी सुरुवात केली. परातीत आपल्या समोरचं तेवढं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही, हे दोघांना बतूलनंच शिकवलं होतं. पण आज त्यांनी ते असं काटेकोर पाळलं की तिला दोघांनाही झोडपावंसं वाटलं. दोघांच्या मध्ये कुसकुसची सरळ भिंत उभी राहिली. मटणाला कुणीच हात लावेना, कारण ते घरातल्या थोरल्यानं वाटायचं असतं.

"वाट," ती जवादला म्हणाली.

जवादनं हाडापासून सगळ्यात चांगला तुकडा सोडवला आणि हलकेच रदवानपुढे सरकवला. बतूलचा जीव भांड्यात पडला.

रदवाननं चमचा खाली ठेवला. "यम्मा, त्याला विचार, मी पाहुणा आहे का याचा? चांगला तुकडा पाहुण्यापुढे सारतात. आधी हे हॉटेल, आता हा तुकडा!" त्यानं तो तुकडा परत पलीकडे लोटला. "पाहुणा तो आहे. उद्या जाणाराय."

जवादचा चेहरा उतरला. "यम्मा, त्याला म्हणावं..."

"मी कुणाला काही म्हणणार नाही!" बतूल कडाडली. "माझं तोंड मला जेवायला हवंय. तुमची तुम्हाला आहेत." आणि तिनं खाली मान घालून खरोखरच जेवायला सुरुवात केली. घास काही गोड लागत नव्हता, पण तिनं मान वर केली नाही.

रदवाननं पुन्हा चमचा उचलला. मग जवादनं चमचा टाकला. त्याचा हात मधली भिंत पाडून थेट रदवानच्या बाजूला घुसला, कांद्यातल्या मनुका मूठभर उचलल्या आणि तोंडात कोंबल्या.

रदवाननं त्याच्या मनगटावर सणसणीत फटका दिला. "ए चोरा! तुझ्या बाजूनं खा!"

"तुझ्याकडे जास्त आल्यात," जवाद भरल्या तोंडानं म्हणाला.

"लहानपणापासून हेच तुझं! होडीचं तुला विचारलं नाही तेच बरं केलं."

"का नाही विचारलंस?"

"फोन कधी उचललास तू? मी काय ल्योंपर्यंत पोहत येणार होतो?"

"मग कामावर असताना उचलू?"

"आणि रात्री? रात्री पण कामावर?"

दोघांचे आवाज चढले. आता सगळी टेबलं वळून बघत होती. लार्बी धावत आला, हात जोडून बतूलपाशी वाकला. "हाज्जा, काही कमी पडलं का?"

"मनुका आण थोड्या," बतूल म्हणाली आणि तिनं रुमालानं डोळे पुसले. "आणि परात उचलायची घाई करू नकोस, बाबा. यांचं जेवण आत्ता कुठं सुरू झालंय."