लेआउमाच्या अंगणातली चटई

"साहेब, पाठ वाकवा," दुभाषा पेनिआता कुजबुजला. "असे ताठ बसलात तर लोकांना वाटेल, गव्हर्नर चटई वाळत घालायला आलाय."

कमांडर टकवेल वाकला. सरदार लेआउमाच्या दारासमोर खडीवर तो बसला होता. डोक्यावर पेनिआताच्या आजीने विणलेली तलम चटई होती. सामोआत अपराधी असाच येतो, उजाडायच्या आत. घरधन्याने चटई उचलली की माफी. नाही उचलली, तर कापायला समोर मान आहेच.

नवा गव्हर्नर येईपर्यंत दोन महिने बेट सांभाळायचं, एवढंच काम टकवेलकडे आलं होतं. आरमारातल्या उभ्या नोकरीत त्याच्या नावाला डाग नव्हता. मग एका संध्याकाळी तो स्वतः लाँच हाकत होता, घाईत होता, आणि लेआउमाच्या थोरल्या पोराची होडी लाँचखाली आली. पोरगा गेला. चौकशीने टकवेलला निर्दोष सोडलं. चौकशीला काय, तिला स्वप्नं थोडीच पडतात! टकवेलला घास गोड लागेना.

परवा लेआउमाच्या पुतण्याने सूड म्हणून एका खलाशाला भोसकून मारलं. टकवेलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बंगल्याभोवती पहारा बसवला आणि हुकूम सोडला: जमाव कुंपणाच्या आत आला, की विचारत बसू नका, गोळी घाला.

"हे बंदुकीनं मिटायचं नाही, साहेब," पेनिआता काल म्हणाला होता. "कुणीतरी आधी वाकायला हवं."

ते टकवेलला पटलं. पण गव्हर्नर सरदाराच्या दारात डोकं झाकून बसला हे वर कळलं असतं, तर नोकरीवर पाणीच सोडावं लागलं असतं. म्हणून त्याने बंगल्यावर कुणालाही काही सांगितलं नाही. दोघेच होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने आले.

ऊन चढलं. चटईखाली घामाच्या धारा लागल्या. घराचे झावळ्यांचे पडदे खालीच होते. आत साधं खोकलंही नाही कुणी.

शेवटी पावलं वाजली. टकवेलने डोळे मिटून घेतले.

"अरे, कुणापुढे बसलायस, बाबा?" शेजारच्या म्हातारीचा आवाज होता. "घर रिकामं आहे. सगळे गेले डोंगरवाटेनं, लेकराबाळांसकट."

"कुठे?" पेनिआताने विचारलं.

"कुठे म्हणजे? पुतण्याला घेऊन, चटया घेऊन गव्हर्नरच्या बंगल्यावर. लेआउमा म्हणाला, आता हे थांबवायला कुणीतरी आधी वाकायला हवं."

पेनिआताने ते साहेबाला सांगितलं. टकवेलने स्वतःच चटई काढली. किती दिवसांनी तो हसला! म्हणजे तो म्हातारा सरदारसुद्धा आपल्यासारखाच निघाला होता, आपल्याच दाराशी येऊन बसणार होता.

मग त्याला आपला हुकूम आठवला.

"होडी," तो म्हणाला. "पेनिआता, होडी काढ." आणि किनाऱ्याकडे धावत सुटला.

तो वाळूपर्यंत पोचला असेल नसेल, डोंगरापलीकडून बंदुकांचे बार ऐकू आले. एक. मग पुष्कळ. मग काहीच नाही.

पेनिआताने होडी पाण्यात लोटली आणि मागे वळून पाहिलं. साहेब वाळूत नव्हता. तो अंगणात परत गेला होता, रिकाम्या घरासमोर बसला होता, आणि त्याने चटई पुन्हा डोक्यावर ओढून घेतली होती.