चहाचा खण

धर्मपाल मिस्त्रीने शेवटचा स्क्रू काढला आणि खणाची जुनी पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली. खाचेत दोन वर्षांची काळी माती घट्ट बसली होती.

"हा खण कसा सरकन बाई," तो म्हणाला. "इथं तं पेरनी होते."

कौसल्या हसली नाही. हसण्याइतकी ताकद तिच्यात सकाळपासूनच नव्हती. तिच्या संस्थेने एका जुन्या मिनीबसमध्ये ओटा, गॅस आणि झोपायची फळी बसवून दिली होती. कापसाच्या पट्ट्यातली गावं फिरत ती दोन वर्षं त्यातच राहत होती. लोक त्या बसला घरगाडी म्हणत. ज्या घरचा माणूस फवारणीची दवाई पिऊन गेला, त्या घरच्या बाया इथे येऊन बसायच्या. कौसल्याने ऐकायचं, एवढंच काम. एवढ्याशा कामाने माणूस इतका थकतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिने मनावर घेतलं नसतं.

चहा-साखरेचा खण कायम अडकायचा. परवा धनीबाई आली होती. तिचा नवरा पोळ्यानंतर गेला. परवाच्या आधी दोनदा येऊन ती नुसतीच बसून गेली होती. परवा मात्र कौसल्याला खणाशी झटताना पाहून ती उठली, मुठीला हात घातला आणि खणाकडेच पाहत म्हणाली, "बाई, एक गोष्ट हाये. कोनाले सांगतली नाही..." तेवढ्यात पट्टी तुटली. खण दोघींच्या पायावर आला, साखर सांडली. धनीबाईने मुकाट्याने साखर गोळा केली आणि चहा न घेताच गेली. म्हणून कौसल्याने मारेगावहून मिस्त्री बोलावला होता.

धर्मपालने स्क्रूच्या ढिल्या भोकांत काड्यांचे तुकडे ठोकले आणि वणीहून आणलेल्या छर्‍यांच्या नव्या पट्ट्या बसवल्या.

"आता एका बोटानं ओढा."

खण आवाज न करता पूर्ण बाहेर आला. धर्मपालला स्वतःचंच कौतुक वाटलं आणि ते त्याने लपवलंही नाही. "फक्त कडी लावाची राह्यली," तो म्हणाला. "गाडी उताराले उभी हाये. तवरक आपोआप बाहेर येईन." तो दाराच्या पायरीवर बसून पिशवीत कडी शोधू लागला.

त्याला ओलांडून धनीबाई आत आली. कापूस वेचून बोटं ओरखडली होती. बाकाच्या अगदी कडेला बसली.

कौसल्याने दूध ठेवलं आणि खणाला हात लावला. धनीबाई अर्धी उठली होती, तिचा हात पुढे आला होता. पण खण आधीच बाहेर आला. तो हात जरा वेळ तसाच राहिला, मग पदराखाली गेला. चहा झाला. दोघींनी तो घेतला. कप खाली ठेवताना धनीबाई म्हणाली, "चांगला झाला खण."

"हो."

"येतो, बाई."

ती उतरून गेली. मिस्त्रीच्या चहासाठी पुन्हा दूध ठेवताना कौसल्याला स्वतःचा राग आला. दोन वर्षांत जेवढ्या बाया बोलल्या, त्या या खणापाशीच बोलल्या होत्या. कौसल्याची नजर खणावर असायची, त्यांच्या हाताला काम असायचं, आणि मग तोंडातून शब्द निघायचा. आपल्याला ऐकण्याची कला आहे, असं कौसल्या इतके दिवस समजत होती.

"मिस्त्री, जुन्या पट्ट्या परत लावता येतील?"

"कायले?" धर्मपाल बघतच राहिला. "तुटल्या न त्या. अन् भोकं बुजवले म्या."

खण पुन्हा हळूच बाहेर येत होता. कौसल्याने तो आत ढकलला आणि गुडघा लावून धरला. खिडकीतून तिला धनीबाई दिसली. हापशीच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. पाणी काढत नव्हती, घरीही जात नव्हती.

"धनीबाई," कौसल्याने हाक मारली, "जरा हात लावा न. खण अडकला."

धर्मपालने झटकन वर पाहिलं. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला तिचा गुडघा दिसला. धनीबाई पायरीशी आली तेव्हा तो पिशवीत डोकं घालून म्हणाला, "नवीन माल हाये. जाम असते सुरुवातीले." आणि गरज नसताना खिळे वाजवत बसला.

धनीबाईने पदर खोचला. मुठीला दोघींचे हात लागले. दोघी ओढू लागल्या. कौसल्याचा गुडघा दुखू लागला, तरी तिने तो हलू दिला नाही.

"त्यायच्या डब्यात अर्धी दवाई उरून हाये, बाई," धनीबाई खणाला म्हणाली. "पोरं झोपले का मी तो काढतो अन् पाह्यत बसतो. रोज."

दूध उतू गेलं. कुणी गॅसकडे पाहिलं नाही.

"कुठं ठेवला डबा?"

"कोठीच्या मांगं."

कौसल्याने गॅस बंद करायला पाय मागे घेतला. खण आपोआप सरकत पार शेवटपर्यंत बाहेर आला, आतले चमचे वाजले. खिळ्यांचा आवाज थांबला.

धनीबाईने खणाकडे पाहिलं, मग कौसल्याच्या गुडघ्याकडे. एका बोटाने खण आत लोटला. तो परत आला. तिने तो तसाच राहू दिला.

"चाला," ती म्हणाली, "पोरं शाळेतून याच्या आंधी." आणि आधी स्वतःच पायरी उतरली.