छातीभर पाण्यात

शिवणकाम करून करून मावशींचे दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले होते आणि वजन नव्वदीला टेकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "धावणं, जिने, सगळं बंद. पोहण्याच्या तलावात रोज छातीभर पाण्यात चाला, म्हणजे गुडघ्यांवर भार येणार नाही." नवरा गेल्यापासून एकट्याच राहणाऱ्या मावशी नाइलाजाने पाण्यात उतरल्या.

तिथे समोरून एक निवृत्त पोस्टमन चालत यायचे. त्यांचेही गुडघे तसलेच. चुकलेल्या पत्त्यांचे एकेक किस्से सांगायचे, पण एका फेरीला अर्धाच. "मग पुढे काय झालं?" असं मावशींनी विचारेपर्यंत स्वारी पार पलीकडच्या टोकाला. उरलेला किस्सा ऐकायला मावशी पाणी उडवत झपाझप पुढची फेरी मारायच्या. चार महिन्यांत त्यांना स्वतःचेच सगळे कपडे उसवून आत घ्यावे लागले, आणि शिवता शिवता त्या एकट्याच खुदखुदायला लागल्या.

तपासणीला डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "नऊ किलो उतरले. गुडघेही झकास. आता बागेत चाला, पाण्यात उतरायची गरज नाही."

मावशींचा चेहराच उतरला. पिशवीच्या बंदाशी चाळा करत त्या हळूच म्हणाल्या, "एखादा गुडघा अजून जरासा दुखतोय, असं नाही का लिहून देता येणार?"



डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, सकाळीच एक पोस्टमनकाका अगदी हेच मागून गेले."